कराळे सरांचं गोणपाट

सर गेल्याचं मला कॉलेजकडून कळलं, याचा राग अजून गेलेला नाही. खोपोलीच्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. त्या सकाळी एक पाइप नापास करून बाजूला ठेवत होतो, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर संदेश होता. 'आपल्या संस्थेचे लाडके फुटबॉल प्रशिक्षक श्री. वामन कराळे सर यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन.' खाली हात जोडल्याची तीन चित्रं. संदेश पाठवणारं कार्यालय तेच होतं, ज्यानं पंधरा वर्षांपूर्वी या लाडक्या माणसाला एका कागदावर घरी पाठवलं होतं. सोबत सरांचा फोटो होता आणि तोही नेमका त्याच वर्षीचा. मी तो लगेच ओळखला, कारण सरांच्या खांद्यावर जो हात दिसतो तो माझा आहे. हाताच्या पलीकडचा मी कापला गेलोय. दुसरा संदेश दुपारी आला: शोकसभा पुढच्या शनिवारी, आणि कॉलेजच्या नव्या टर्फ मैदानाला सरांचं नाव देणार. मी जेवणाचा डबा तसाच बंद केला. एवढं डोकं फिरलं होतं, की त्या क्षणी कॉलेजच्या अध्यक्षांच्या, आबासाहेबांच्या, दारात जाऊन चार शब्द ऐकवावेत असं वाटलं. कोणीतरी सरांचा सूड घ्यायला हवा होता. अडचण एकच होती. तो ज्यांच्यावर घ्यायचा, त्यांत पहिला मी होतो.

मी शेलूचा. आमच्याकडे तेव्हा कबड्डी नाहीतर क्रिकेट. फुटबॉल म्हणजे लाथा मारायचा खेळ, एवढीच माहिती. कर्जत-खोपोली रस्त्यावरच्या त्या कॉलेजात अकरावीला गेलो, आणि पहिल्याच आठवड्यात कँटीनच्या रांगेत एकानं माझ्या पायावर पाय दिला. मी भांडलो नाही. फक्त तो बसला त्या टेबलासमोर जाऊन त्याच्याकडे बघत उभा राहिलो, तासभर. कराळे सर कोपऱ्यात चहा पीत हे बघत होते. बुटके, काळेसावळे, पॅण्ट घोट्याच्या वर दुमडलेली. तरुणपणी खोपोलीच्या कामगार वसाहतीत मल्याळी फिटर लोकांबरोबर ते फुटबॉल शिकले, आणि पुढे कॉलेजनं त्यांना दरवर्षीच्या करारावर घेतलं. कायम असे ते कधी झालेच नाहीत. कप रिकामा करून ते माझ्याजवळ आले.

"नाव काय रं तुझं?"

"महेश."

"एक तास एका जागी उभा हायस. गोलकीपर होशील?"

मी हो म्हणालो. ते पुढे म्हणाले, "जागा धरता येते तुला. पन तू इसरत नायस. गोलकीपरला इसरता आलं पायजे." हे दुसरं वाक्य मला पुढची तीन वर्षं दर रविवारी ऐकावं लागलं. गोल झाला की बॉल जाळीतून काढायचा आणि मधे फेकायचा, त्याच्याकडे बघत बसायचं नाही, ज्यानं मारला त्याच्याकडे तर मुळीच नाही. त्यांची सगळी शिकवण तशी याच एका गोष्टीभोवती फिरायची. बॉलमागं सगळे धावले तर मैदान मोकळं पडतं. तू आपली जागा राख, बॉल फिरून तुझ्याकडे येतोच. पळण्याचं, दमाचं, पायातल्या करामतीचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. ठाकुरवाडीकडचा एक आमचा मित्र हरणासारखा पळायचा. त्याला त्यांनी पहिले दोन महिने नुसतं उभं राहायला शिकवलं.

कॉलेजला मैदान नव्हतं. म्हणजे होतं, पण तिथं आबासाहेबांचे मंडप पडायचे. म्हणून भातकापणी झाली की सर आम्हाला पळसदरीजवळच्या आपल्या खाचरात न्यायचे. पहिला आठवडा बॉल नाहीच. आम्ही बारा-पंधरा जण चपला घालून एका ओळीत उभे राहायचो आणि धसकटं तुडवत एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत जायचो, मग परत. दोन-दोन बांबू रोवून गोल व्हायचे. त्या जमिनीवर बॉल कुठे उडेल याचा देवालाही पत्ता नसायचा, आणि सरांना तेच हवं असायचं. "हितं बॉल अडवलास तर अलिबागच्या गवतावर झोपेत अडवशील," म्हणायचे. आजूबाजूच्या सगळ्या खाचरांत भातानंतर वाल पेरलेला असायचा, फक्त यांचं एक खाचर उघडं. सरांच्या बायकोला, काकूंना, याचा भारी राग. त्या बांधावर पाण्याची कळशी आणून ठेवायच्या आणि कोणाचंही नाव न घेता बोलायच्या, "गावात समद्यांच्या घरी वालाच्या शेंगांची पोपटी लागतीया, आन आमी वाल इकत आनतो." पाणी मात्र दोन कळश्या असायचं, आणि त्यात वाळा टाकलेला असायचा.

आता रिंगणाबद्दल सांगतो, कारण बाकी सगळं त्यातूनच निघालं. खेळ संपला, मग तो सराव असो की सामना, जिंकलेला असो की हरलेला, की सगळ्यांनी गोल करून मातीत बसायचं. सर गुडघ्यांमुळे मातीत बसू शकत नसत. त्यांच्यासाठी घडी घातलेलं एक गोणपाट असायचं, कडेची शिवण सुटलेलं, भाताच्या कोंड्याचा वास येणारं. मग प्रत्येकानं त्या दिवशीची आपली एक चूक सांगायची. फक्त आपली. दुसऱ्याची चूक तोंडातून निघाली की तो रविवार बाद, बांबू उपटून घरी जायचं. सांगून झालं की शेवटी म्हणायचं, 'चूक माझी'. त्यावर बाकी सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, 'झालं'. एकानं जरी म्हटलं नाही तरी रिंगण उठायचं नाही. आणि एकदा 'झालं' म्हटलं की ती चूक संपली, पुन्हा कोणी काढायची नाही, घरी नाही, कँटीनमध्ये नाही, दहा वर्षांनी भेटलात तरी नाही. सर्वांत शेवटी सर बोलायचे. आपली चूक सांगितल्याशिवाय ते कधी सुटले नाहीत. तापातल्या मुलाला खेळवलं, चूक माझी. गुडघा धरून बसलेल्याला 'नाटक करतोस' म्हणालो, आणि त्याचा सांधा खरंच गेला होता, चूक माझी. भर उन्हात पळवलं, एक जण चक्कर येऊन पडला, चूक माझी. रागात एकाच्या घरच्यांवरून बोललो, चूक माझी. आम्ही अठरा-एकोणीस वर्षांची पोरं या पन्नाशीच्या माणसाला 'झालं' म्हणायचो, आणि ते मान खाली घालून ऐकायचे.

तिसऱ्या वर्षी आम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात गेलो. आमचा पुढचा खेळाडू होता निनाद, आबासाहेबांचा पुतण्या. पाय चांगले होते त्याचे, ते नाकारणार नाही. उपांत्य सामन्यात त्यानं मोकळ्या असलेल्या साथीदाराला बॉल न देता तीनदा स्वतः मारला आणि तीनदा बाहेर घालवला. रिंगणात त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, "माझी काही चूक नाही." सर म्हणाले, "आठव." तो म्हणाला, "नाहीच आहे तर काय आठवू?" सरांनी फक्त मान हलवली. अलिबागच्या अंतिम सामन्यात सरांनी निनादला बाहेर बसवलं. मी खेळलो, पण मध्यंतरापर्यंतच. पहिल्या गोलाच्या वेळी त्यांच्या एका खेळाडूनं मला कोपर मारलं होतं, पंचाला दिसलं नाही. मी ते विसरलो नाही. दहा मिनिटांनी तोच बॉल घेऊन बाजूनं पळत असताना मी गोल सोडून त्याच्यावर धावून गेलो. बॉलवर नाही, त्याच्यावर. त्यानं बॉल शांतपणे मधे दिला, आणि मोकळ्या गोलात दुसरा गोल झाला. मध्यंतरात सरांनी मला काढलं. आम्ही दोन-एकनं हरलो.

रिंगण तिथंच, मैदानाच्या कडेला झालं. मी माझी चूक सांगितली, दात आवळून. मग शेवटी सर बोलले. मला ते म्हेसच म्हणायचे. "म्हेसला काढला. त्याचा राग शांत करून त्याला उभा ठेवायला पायजे व्हता, ते मला जमलं नाय. चूक माझी." सगळे 'झालं' म्हणाले. मी नुसते ओठ हलवले. आवाज काढला नाही. एवढ्या जणांच्या आवाजात ते कोणाला कळलं नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी आबासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा आला, बिस्किटं आली. निनाद बाजूच्या खुर्चीत होता. "तुझ्यावर अन्यायच झाला बाळ," आबासाहेब म्हणाले. "या माणसाच्या हाताखाली मुलं सुरक्षित नाहीत असं आम्ही ऐकतो. तू तीन वर्षं होतास. तूच सांग." आणि मी सांगितलं. काही बनवून सांगायची गरजच पडली नाही. सरांनी रिंगणात स्वतःच्या तोंडानं कबूल केलेल्या चुका मला तोंडपाठ होत्या. ताप, गुडघा, ऊन, घरच्यांवरून बोलणं... मी एकामागून एक सांगत गेलो आणि टायपिस्ट टाइप करत गेला. अकरा झाल्या. ज्यांना आम्ही 'झालं' म्हटलं होतं, त्या सगळ्या मी उकरून काढल्या. खाली सह्या घेतल्या, पहिली माझी. कप्तान मीच होतो, इतर पोरांनी कप्तानानं केली म्हणून केली. मला तेव्हा काय वाटत होतं ते स्वच्छ सांगतो: छान वाटत होतं. मध्यंतरात काढलं ना मला? आता तुम्ही निघा.

चौकशीला आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. दार उघडं होतं. प्राचार्यांनी कागद सरांपुढे ठेवून विचारलं, हे खरं आहे का? सरांनी चष्मा लावून सगळं वाचलं, वेळ घेऊन. म्हणाले, "खरं आहे. सगळं मीच सांगितलंय. पण अकराच आहेत, एक राहिली. लिहून घ्या." आणि बारावी त्यांनी स्वतः सांगितली: "मुलांना चूक कबूल करायला शिकवलं, पण कोणापुढे करावी आणि कोणापुढे करू नये, ते शिकवायचं राहिलं. चूक माझी." बाहेर येताना ते बाकासमोरून गेले. माझ्याकडे बघितलं का? मला माहीत नाही. मी बुटाची नाडी बांधत होतो.

पुढे काय, आबासाहेबांनी एक शब्द टाकला आणि मला कारखान्यात नोकरी लागली. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे माझं पगारी काम झालं. सर खाचरात परतले आणि तिथं गावातल्या पोरापोरींना शिकवू लागले. पोरीसुद्धा घेतल्या म्हणून गावात चार तोंडं वाकडी झाली, ती त्यांनी तशीच राहू दिली. त्या पोरींचा संघ चार गावांत गाजला हे मला कळायचं, कारण मी कानोसा घेत असायचो. सहा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या लेकीनं विचारलं, "बाबा, तुम्ही गोलकीपर होतात ना? तुम्हाला कोणी शिकवलं?" त्या प्रश्नानंतर आठवडाभरात मी मोटरसायकल काढून पळसदरीला गेलो. दारात काकू तांदूळ पाखडत होत्या. मी म्हटलं, सरांना भेटायचंय, चूक सांगायचीय. काकूंनी सूप थांबवलं नाही. "नायत घरी," म्हणाल्या. उंबऱ्याशी सरांच्या चपला होत्या. आतून खोकल्याचा आवाज आला. मी तिथं थोडा वेळ उभा राहिलो, मग निघालो. आणि रस्ताभर पेटत गेलो. आयुष्यभर पोरांना 'झालं' म्हणायला लावणारा माणूस, स्वतःवर आली तर घरात बसून बायकोला खोटं बोलायला लावतो? त्या दिवसापासून मी पुन्हा गेलो नाही. बरोबर वाचलंत. सरांचं मीच वाटोळं केलं, आणि वर सहा वर्षं सरांवरच राग धरून बसलो.

शोकसभेला मात्र गेलो. सभागृह भरलं होतं. सरांच्या फोटोला हार, शेजारी नव्या मैदानाच्या नावाची पाटी झाकून ठेवलेली. आता निनाद विश्वस्त आहे. तो 'सरांनी मला घडवलं' यावर दहा मिनिटं बोलला. आबासाहेब, ऐंशीच्या घरात, बसूनच बोलले. संस्थेचं आणि सरांचं नातं किती जिव्हाळ्याचं... काकू आल्या नव्हत्या. मग कोणाला बोलायचंय का असं विचारलं गेलं, आणि मी उठलो. जाताना ठरवून गेलो होतो, की या काका-पुतण्याचं एकेक काढायचं. पण माइक हातात आला आणि फोटोतले सर बघत होते. दुसऱ्याची चूक सांगायची नाही. म्हटलं ठीक आहे सर, नियमातच खेळतो. मी फक्त माझी चूक सांगितली. सगळी. मला कोणत्या केबिनमध्ये बोलावलं, चहाबरोबर कोणती बिस्किटं होती, बाजूच्या खुर्चीत कोण बसलं होतं, मला बाळ कोण म्हणालं, टायपिस्ट कोणत्या चुकीपाशी थांबून माझ्याकडे बघू लागला, आणि नोकरीसाठी शब्द कोणी टाकला. कोणावर काही आरोप केला नाही. शेवटी म्हणालो, "चूक माझी."

निनाद फोनवर बोलण्याचा बहाणा करून बाहेर गेला तो परत आलाच नाही. आबासाहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तो त्यांच्या धोतरावर सांडला. पाटीवरचं कापड त्या दिवशी कोणी काढलं नाही, अजूनही काढलेलं नाही असं ऐकतो. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. वाट बघत होतो ती एकाच शब्दाची. तीनशे माणसं होती, त्यांत रिंगणातले माझे जुने साथीदार आठ तरी असतील. एकाही तोंडातून 'झालं' आलं नाही.

म्हणून गेल्या रविवारी खाचरावर गेलो. भात झोडून झालं होतं, धसकटं तुडवून झाली होती, बांबू रोवलेले होते. सर नसतानाही हे सगळं त्या पोरापोरींनी केलं होतं. दोन तास मी बांधावर बसून त्यांचा खेळ बघितला. मग रिंगण झालं. त्यांची कप्तान अश्विनी, बारावीतली मुलगी, येऊन मला म्हणाली, "काका, तुमी पन बसा." मी मातीत बसलो. एकेक जण आपली चूक सांगत गेला. माझी पाळी आली तेव्हा मी सभागृहातलंच सगळं सांगितलं, पण बिस्किटं आणि खुर्च्या वगळून. शेवटी सहा वर्षांपूर्वी दारातून परतलो तेही सांगितलं. आणि त्या पोरांनी, ज्यांच्या मास्तरांचं मी वाकडं केलं होतं, एका आवाजात म्हटलं, "झालं." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते आलंच.

गोणपाट रिंगणात मांडलेलं होतं, रिकामं. "आता शेवटी कोन बोलनार?" अश्विनीनं विचारलं. बांधावरून काकू उठल्या. कळशी खाली ठेवली, पदर खोचला, आणि येऊन त्या गोणपाटावर बसल्या. इतक्या वर्षांत त्या कधी रिंगणात आल्या नव्हत्या.

"ह्यो आलता सा वर्सांमागं," त्या म्हणाल्या. "ते घरात व्हते. मी नायत म्हनून सांगितला. आन त्यास्नी कायच बोलले नाय. मंग मंग ते इचारायचे, म्हेस कवा आला तर सांग गं, त्याची एक रायलीय आयकायची. शेवटल्या आजारात बी इचारला. मी म्हटला, नाय आला." त्या गोणपाटाच्या सुटलेल्या शिवणीचा एक धागा ओढत होत्या. "त्याना घरी बसवलास तू. माज्या मनातून जाईना रं. चूक माजी."

पोरं 'झालं' म्हणाली. मी बोललो नाही. रिंगण उठेना. सर वाट बघत होते. सहा वर्षं ते माझी वाट बघत होते, आणि मी त्यांना शिव्या देत होतो, आणि ही बाई मधे सूप घेऊन बसली होती. तिनं केलं ते मी केलं असतं, अगदी तसंच केलं असतं, हे मला तिथं बसल्या बसल्या कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता. उन्हं बांधाच्या पलीकडे गेली. एका लहान मुलीनं पाय बदलला. सगळे माझ्याकडे बघत होते, फक्त काकू धाग्याकडे.

"झालं," मी म्हणालो. या वेळी आवाज काढला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पोरं उठली, बांबू उपटले, काकूंनी गोणपाट झटकून घडी करून काखेत मारलं आणि मला म्हणाल्या, "चाय घे, मंग जा." मी चहा घेतला. पण तुम्हाला सांगतो, नुसतं तोंडानं म्हटलं. आतून अजून झालेलं नाही. ही चूक माझी. रविवारी खाचरावर जाऊन ती सांगायची आहे, काकूंसमोरच.